पसारा म्हणजे आळस नव्हे

"घरात एवढा पसारा? माणसंच आळशी. दोन दिवस लावून सगळं भंगारात घाला, आपोआप वळण लागेल." सांगलीत घरं आवरून द्यायचं काम करताना हे मी सतत ऐकते. हे खरं नाही.

गावभागातल्या एक काकू दर दिवाळीला मरमर आवरतात, संक्रांतीपर्यंत पुन्हा तेच. आळशी बाई एवढी राबेल का? त्यांचं अडतं निर्णयापाशी. लाइट बिल हातात आलं की ठेवू, फाडू की मुलाला दाखवू, यातच दहा मिनिटं जातात; मग ते उशीखाली. वर्षानुवर्षं असं चालतं तेव्हा मागे बरेचदा लक्ष न टिकणं, नैराश्य किंवा जवळच्या माणसाचं जाणं असतं. वस्तू टाकताना जीव कासावीस होत असेल आणि घरात वावरायला जागा उरली नसेल, तर तो वेगळा आजार असू शकतो. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या अमेरिकन यादीत २०१३ साली त्याची स्वतंत्र नोंद झाली. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञच हवा.

आणि परस्पर फेकणं? २०१९ च्या महापुरात भिजलेलं साड्यांचं बोचकं मुलाने काकूंच्या माघारी टाकलं. त्यात त्यांच्या आईचं इरकल होतं. पुढे सहा महिने त्यांनी रद्दीचा कागदही हलू दिला नाही.

आता मी एका वेळी एकच खण घेते. शेजारी बसते, वस्तू त्याच उचलतात. बिलांचा डबा चालला नाही, झाकण लागलं की विसरायच्या. म्हणून दाराशी जुन्या दुकानात असते तशी तार टांगली. बिल आलं की तारेत.