ध्रुवावरच्या अचानक तापण्याचे मूळ

ठाण्यात जानेवारीत दोन दिवस बोचरा गारवा पडला, की येऊरला सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या गप्पांत हल्ली ‘ध्रुवीय भोवरा’ हमखास येतो. आपल्याकडचा गारवा बहुतेकदा पश्चिमी विक्षोभ पुढे सरकल्यावर उत्तरेकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्यांचा असतो. त्याचे खापर थेट भोवऱ्यावर फोडणे घाईचे होईल. मात्र हा भोवरा मोडतो कसा, हे मुळातून समजून घेण्यासारखे आहे.

हिवाळ्यात उत्तर ध्रुवावर सूर्य उगवत नाही, तिथले स्थितांबर, म्हणजे ढगांच्या वरचा हवेचा थर, गारठत जाते आणि त्याभोवती जोरदार पश्चिमी वारे फिरू लागतात. हाच ध्रुवीय भोवरा. जर्मन हवामानशास्त्रज्ञ रिचर्ड शेरहाग यांना 1952 साली बर्लिनमध्ये हवामानाच्या फुग्यांच्या नोंदींत प्रथम दिसले, की या थरातले तापमान काही दिवसांतच झपाट्याने चढू शकते. ही वाढ कधी कधी 50 अंश सेल्सिअसपर्यंत जाते. सुमारे 30 किलोमीटर उंचीवर, 60 अंश अक्षांशावरचे पश्चिमी वारे उलटून पूर्वेकडून वाहू लागले, तर ती घटना मोठी मानतात.

ही उष्णता येते कुठून? हिमालय-तिबेट आणि रॉकी पर्वतांवरून जाणारे वारे, तसेच जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक, यांमुळे तपांबरात, म्हणजे जमिनीलगतच्या थरात, हवेच्या हजारो किलोमीटर लांबीच्या लाटा तयार होतात. चार्नी आणि ड्रेझिन या शास्त्रज्ञांनी 1961 साली दाखवून दिले, की वारे पश्चिमी असतील आणि फार वेगवान नसतील, तरच यांतल्या सर्वांत लांब लाटा वर चढू शकतात. वर हवा विरळ असल्याने त्यांचा झोका मोठा होत जातो, अखेर त्या फुटतात आणि भोवऱ्याचा वेग खेचून घेतात. वारे मंदावले, की ध्रुवावरची हवा खाली बसते, दाबली जाते आणि सायकलच्या पंपातल्या हवेसारखी तापते. बाहेरून उष्णता आणावी लागत नाही. दक्षिण गोलार्धात असे पर्वत आणि भूखंड कमी आहेत. तिथे अशी मोठी घटना 2002 साली एकदाच नोंदली गेली.

लाटा नेहमीच असतात, मग भोवरा काही हिवाळ्यांतच का मोडतो? इथे खालच्या हवामानाची मांडणी महत्त्वाची ठरते. उरल पर्वताच्या परिसरात उच्चदाबाचे क्षेत्र दिवसेंदिवस ठाण मांडून बसले, किंवा उत्तर पॅसिफिकमधला अल्युशियन न्यूनदाब खोल झाला, तर त्यांची रचना पर्वत आणि समुद्रांमुळे कायम असणाऱ्या लाटांशी जुळून येते आणि वर जाणारा जोर वाढतो. त्यातून भोवरा कधी ध्रुवावरून बाजूला सरकतो, कधी त्याचे दोन तुकडे होतात. 12 फेब्रुवारी 2018 रोजी वारे उलटले, तेव्हा भोवरा दुभंगला होता, आणि महिनाअखेरीस युरोपात कडाक्याची थंडी पडली. त्याआधी पश्चिम पॅसिफिकवर मॅडन-ज्युलियन दोलन, म्हणजे विषुववृत्तालगत पूर्वेकडे सरकणारा ढगांचा मोठा पट्टा, अतिशय प्रबळ होते. आपल्या पावसाळ्यातले जोराचे आणि उघडिपीचे दिवस ठरवण्यातही याच दोलनाचा हात असतो. उष्ण कटिबंधातले ढग ध्रुवाच्या हवेपर्यंत पोहोचतात, हे मला या विषयातले सर्वांत विलक्षण सत्य वाटते.

तरीही सारा भार खालच्या हवामानावर टाकता येत नाही. काही घटनांपूर्वी खालून आलेल्या लाटा नेहमीपेक्षा फारशा बलवान नव्हत्या. भोवऱ्याची स्वतःची रचनाच त्या आत ओढून घेण्यास अनुकूल झाली होती. म्हणून अंदाज वर्तवताना उरलवरचा उच्चदाब, पॅसिफिकवरचे ढग आणि भोवऱ्याची त्या वेळची अवस्था ही तिन्ही एकत्र पाहावी लागतात, आणि एवढे करूनही एखाद्या घटनेची खात्रीलायक चाहूल साधारण एक-दोन आठवडेच आधी लागते.