चाल तीच, बोट एक सरकलं

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात सामुदायिक प्रार्थना आटोपली, की खंजिरी निघते आणि भजनं सुरू होतात. पेटीवर बसणाऱ्या आजोबांचा नातू यंदा दिवाळीच्या सुट्टीत कॅसिओचा कीबोर्ड घेऊन आला होता. भूप रागातली जुनी चाल चालली होती. त्याने डाव्या हाताने सा, ग आणि प एकदम दाबून धरले आणि देऊळ सुरांनी भरून गेलं. मग मला म्हणाला, "काका, आता आयका, एकच बोट सरकवतो." प वरचं बोट उचलून त्याने ध वर ठेवलं. मंडळी तेच शब्द त्याच सुरात गात होती, पण चालीला एकाएकी हुरहूर लागली. "रडाले लागलं ना गानं?"

लागलं होतं खरं. आजोबांची तक्रार मात्र वेगळीच होती. "पोरा, तुह्या पेटीचा गंधार चढा हाय." गंधार म्हणजे ग.

दोघांचंही म्हणणं बरोबर होतं, आणि दोन्हींमागचं विज्ञान मला फार गोड वाटतं.

कुठलाही सूर एकटा येत नाही. हिशेबाला सोपं म्हणून सा सेकंदाला 240 कंपनांचा धरू. त्याच्याबरोबर 480, 720, 960, 1200 असे त्याच्या पटीतले बारीक सूरही वाजत असतात. तंबोरा नीट लागला, की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो याच पाचपटीतला. मग सा बरोबर 300 कंपनांचा ग लावला, तर त्याची चौपटही 1200 भरते. 360 चा प घेतला, तर त्याची दुप्पट 720, म्हणजे सा ची तिप्पट. सूर आतून असे एकमेकांवर बसतात. एकदम वाजवलेल्या अशा सुरांच्या जुडग्याला कॉर्ड म्हणतात, आणि सा-ग-प चं हे 4:5:6 प्रमाण म्हणजेच मेजर कॉर्ड.

जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी 1863 साली याची दुसरी बाजू मांडली. जवळजवळ येणारे पण तंतोतंत न जुळणारे सूर एकमेकांत मिसळले, की आवाज लाटेसारखा कमीजास्त होतो आणि कानाला तो खरखरीत लागतो.

कॅसिओवर सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात, म्हणजे गाणाऱ्याने कुठलीही पट्टी धरली तरी वाद्य चालतं. या सोयीसाठी ग 300 ऐवजी 302.4 वर जातो. त्याची चौपट होते साधारण 1209.5, आणि सा च्या 1200 शी गाठ पडून सेकंदाला नऊ-दहा वेळा थरथर उठते. आजोबांनी पन्नास वर्षं गळ्यातला गंधार ऐकला आहे, त्यांच्या कानाला हे दोन-अडीच कंपनांचं अंतर खुपणारच. प बाबत मात्र फरक नगण्य: 360 च्या जागी 359.6.

आता नातवाचं बोट. सा-ग-प चा पाया सा, आणि त्याच्यापासून ग कीबोर्डवर चार पट्ट्या दूर असतो; बोट सरकवून सा-ग-ध झालं की पाया ध होतो, आणि ध पासून वरचा सा तीनच पट्ट्या. एवढ्यानेच मेजरची मायनर, म्हणजे उदास वाटणारी कॉर्ड होते. भूपाचे सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर घेऊन ग ला सा मानलं, तर मालकंस राग हाती लागतो. आपल्या संगीतात सा बदलला की राग बदलतो. कॉर्डच्या संगीतात गाणं चालू असतानाच पाया हलवता येतो, आणि आजच्या गाण्यांची बरीचशी रचना या हलण्यावरच उभी असते. सा-ग-प, म-ध-सा आणि प-नि-रे या तीन कॉर्डमध्ये सातही शुद्ध स्वर येतात. म्हणून तीन कॉर्ड येणारा पोरगाही असंख्य गाण्यांना साथ करू शकतो. त्यात प-नि-रे ची कॉर्ड सर्वांत बेचैन. तिच्यातला नि अर्ध्या सुरावरच्या सा कडे ओढ घेतो, आणि पुढची सा-ग-प आली की तबल्यावर तिहाई (तीनदा वाजवलेला तुकडा) संपून सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाठल्यासारखं वाटतं.

मायनर कॉर्ड मात्र जात्याच रडवी नसते. मालकंसातही सा पासून तीनच पट्ट्यांवरचा कोमल गंधार आहे, पण तो ऐकताना मला गांभीर्य जाणवतं, रडू येत नाही. पाश्चात्त्य संगीत फारसं कानावर न पडलेल्या बोलिव्हियातल्या त्सिमाने आदिवासींवरचा अभ्यास 2016 साली 'नेचर'मध्ये आला. खरखरीत आवाज त्यांनाही नकोसा वाटत होता, पण जुळणाऱ्या आणि न जुळणाऱ्या कॉर्ड त्यांना सारख्याच आवडल्या. गोडव्याचा बराच भाग सवयीतून येतो, आणि आपली सवय रेडिओ-सिनेमाने घडवली आहे.

दुसऱ्या दिवशी मी नातवाला हा सगळा हिशेब कागदावर मांडून दाखवला. त्या संध्याकाळपासून तो भजनाला डाव्या हाताने फक्त सा आणि प धरतो. गंधार गाणाऱ्यांच्या गळ्यासाठी मोकळा ठेवतो.