ओखामंडळचा शंख

द्वारका आणि बेट द्वारका आपल्या बडोदेकर मराठी घरांना नवी नाहीत. 2024मध्ये सुदर्शन सेतू झाला, तोवर बेटावर जायचं तर ओख्याहून बोटच धरावी लागे. काठेवाडच्या पश्चिम टोकाचा हा मुलूख, म्हणजे ओखामंडळ, गायकवाडांच्या संस्थानात होता. संस्थानाने तिथल्या सागरी जीवांची पाहणी जेम्स हॉर्नेल यांच्याकडून करून घेतली आणि 1909मध्ये तिच्या अहवालाचा पहिला भाग निघाला. पुढे हॉर्नेल यांनी इथल्या शंखावरही सविस्तर लिहिलं.

या शंखाचं शास्त्रीय नाव टर्बिनेला पायरम. उथळ समुद्रातल्या वाळूत तो राहतो. त्याचं कवच जाड आणि घट्ट असतं. मध्ये भरीव दांडा, आणि गोल जिन्यासारखी त्याभोवती चढत जाणारी वेटोळी.

नागेश्वर हे इथलं हडप्पाकालीन गाव सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचं. 1980च्या दशकात तिथे आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने उत्खनन केलं आणि शंखकामाचा कारखानाच उजेडात आला. मिळाले ते मुख्यतः कापताना उरलेले तुकडे. मला या कचऱ्याचं मोल तयार दागिन्यापेक्षा जास्त वाटतं, कारण कारागिराचा हात त्यातच दिसतो. आधी शंखाचं टोक फोडायचं, आतले पडदे ठोकून काढायचे, मग कांस्याच्या पातळ करवतीने आडवे काप घ्यायचे. प्रत्येक काप घासला की बांगडी. वेटोळं जिथे जुळतं तिथे कड्याला वाकडेपणा राहतो. नेमकी तीच जागा धरून इंग्रजी व्हीसारखी खूण कोरलेली असे. निसर्गातली खोट अशी नक्षीत जिरवलेली पाहून मन भरून येतं. उरलेल्या दांड्याचे मणी होत. पळ्यांसाठी मात्र वेगळा शंख लागे, चिकोरियस रॅमोसस. त्याचं तोंड रुंद आणि पोट मोठं.

एकाच किनाऱ्यावर दोन जातींचे शंख आणि दोन वेगळी कामं. कुठल्या कवचातून काय निघेल, याची जाण त्या लोकांना पक्की होती. हा माल दूरच्या शहरांकडेही जात असे.

शंख कोरण्याची ही परंपरा पुढेही टिकली. बेट द्वारकेला उत्तर-हडप्पाकाळातली एक छोटी मुद्रा सापडली आहे. तिच्यावर एकाच धडाला तीन तोंडं असलेला प्राणी कोरलेला आहे, आणि ती शंखाचीच आहे.