दक्षिण महासागराचा न मोजलेला हिवाळा

अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र, म्हणजेच दक्षिण महासागर, वर्षाला किती कार्बन डायऑक्साइड शोषतो, याचा हिशेब अनेक दशकं मुख्यतः उन्हाळ्याच्या नोंदींवर मांडला गेला. कारण साधं होतं. संशोधन जहाजं तिकडे जातात ती बहुतेक डिसेंबर ते फेब्रुवारीत, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात. जून-जुलैत तिथे वादळं, बर्फ आणि काळोख.

उन्हाळ्यात हा समुद्र वायू ओढून घेतो, हे खरंच आहे. वास्तविक पाणी एक अंश तापलं की त्यातल्या या वायूचा दाब सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे तो बाहेर पडायला हवा. पण ऊन मिळताच वनस्पतीप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पतीसदृश जीव, फोफावतात आणि पाण्यात विरघळलेला कार्बन वापरून टाकतात. हिवाळ्यात प्लवक थंडावतात, वारे पाणी घुसळतात आणि शतकानुशतकं खोलवर साठलेलं कार्बनयुक्त पाणी वर येतं. बर्फाचं झाकण नसेल तिथे समुद्र वायू परत सोडतो.

अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात दक्षिण ध्रुवावर आणि हवाईतल्या मौना लोआ या ज्वालामुखीवर हवेतलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण मोजायला सुरुवात केली. पाण्यातलं प्रमाण मात्र जहाजानेच मोजावं लागे: समुद्राचं पाणी बंद भांड्यात फवारायचं, वरची हवा त्याच्याशी समतोलात येऊ द्यायची आणि ती अवरक्त किरणांनी तपासायची. समुद्रातल्या कार्बनचे अभ्यासक तारो ताकाहाशी यांनी अशा लाखो नोंदी जुळवून जगाचे महिनावार नकाशे तयार केले. ते काम थोरच, पण दक्षिणेचा हिवाळा त्यातही विरळच राहिला.

या उणिवेची किंमत पुढे कळली. २००७ मध्ये एका अभ्यासाने सांगितलं, शोषण मंदावतंय. २०१५ मध्ये दुसऱ्याने दाखवलं, ते पुन्हा जोर धरतंय. २०१४ पासून सोडलेले तरंगते यांत्रिक फ्लोट साधारण दर दहा दिवसांनी २,००० मीटर खोलीवरून वर येऊ लागले, अगदी हिवाळ्यातही. २०१८ मध्ये त्यांच्या नोंदींतून हिवाळ्यातलं उत्सर्जन अंदाजापेक्षा बरंच जास्त दिसलं. मात्र फ्लोट वायू थेट मोजत नाहीत. पाण्याच्या सामूवरून (pH, म्हणजे आम्लतेच्या मापावरून) तो काढावा लागतो. त्यात किंचित चूक झाली तरी उत्तर बदलतं. उलट २०२१ मध्ये विमानांतून घेतलेल्या हवेच्या मोजमापांनी समुद्र भरपूर शोषतो असंच सांगितलं. माझ्या मते, थेट मोजमापाची गरज इथेच सर्वांत स्पष्ट होते.

२०१९ मध्ये एका मानवरहित शिडाच्या नौकेने अंटार्क्टिकाला १९६ दिवसांत प्रदक्षिणा घातली. हिमनगाला धडकून तिची काही उपकरणं निकामी झाली. कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र चालू राहिलं.