बीच सॉकरला समुद्र लागत नाही

वैनगंगेच्या काठी, आमच्या आरमोरी-ब्रह्मपुरी पट्ट्यात, बीच सॉकरचं, म्हणजे वाळूवरच्या फुटबॉलचं, नाव काढलं की उत्तर ठरलेलं: "आपल्या इकडं कुठी समुद्र हाये? तो कोकणातल्या पोरायचा खेळ." वर्षानुवर्षं चाललेला हा समज साफ चुकीचा आहे.

स्वित्झर्लंडला कुठूनच समुद्र लागत नाही. तरी २००९ मध्ये दुबईत त्यांचा संघ बीच सॉकर वर्ल्ड कपच्या फायनलला पोचला. ब्राझीलकडून १०-५ असा हरला खरा, पण स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे १६ गोल त्यांच्याच डेजान स्टँकोविचचे होते.

नियमाला हवी ती वाळू: सपाट, खडे-शिंपले वेचलेली, किमान ४० सेंटिमीटर खोल. गोलकीपर धरून पाच जण, १२ मिनिटांचे तीन डाव, पाय अनवाणी. वाळूत चेंडू सरळ घरंगळत नाही, म्हणून पायाच्या बोटांनी तो अलगद उचलायचा आणि खाली पडायच्या आत फटका मारायचा. ही करामत वाळूतच अंगात मुरते, आणि उन्हाळ्यात आपल्या नदीचं पात्र वाळूनंच भरलेलं असतं. गोलपोस्टला दोन बांबू रोवले की सराव सुरू करता येतो.