‘आमची हद्द नाही’ म्हणून तक्रार परत पाठवता येत नाही

विहिरीवरची मोटार चोरीला गेली की गावात सल्ला ठरलेला: चोरी जिथे झाली त्याच ठाण्यात जा. पुणे जिल्ह्यात पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि ग्रामीण अशी तीन पोलीस दलं, त्यामुळे हद्दीवरच्या शेतकऱ्याची नाहक पायपीट होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्हा (ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय करू शकतात) कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्द न पाहता नोंदवता येतो; पुढे तो योग्य ठाण्याकडे पाठवला जातो.

तक्रारीत मोटारीचा मेक, अश्वशक्ती, सिरियल नंबर, केबलची लांबी, गट नंबर लिहा. बिल जोडून किंमत टाकाच. पाच हजारांखालची चोरी अदखलपात्र ठरते, खरी गोची इथेच होते. एफआयआरची मोफत प्रत घेतल्याशिवाय उठू नका. नोंद नाकारलीच, तर मजकूर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा.