बॅटमॅनची भिंत, भाच्याची पट्टी आणि वरचे तीन मीटर

परवा आमच्या गल्लीच्या ग्रुपवर कुणीतरी 'बॅटमॅन' या जुन्या टीव्ही मालिकेतली एक क्लिप टाकली. बॅटमॅन आणि रॉबिन दोर धरून बिल्डिंगच्या भिंतीवरून सरळ चालत वर निघालेत आणि खाली लिहिलेलं की बघा, तेव्हा कॉम्प्युटर ग्राफिक्स नव्हतं, सगळं खरं खरं करायचे. झालं, रात्री जेवणं उरकून मी आणि माझा आठवीतला भाचा त्या मालिकेचे एपिसोडच काढून बसलो.

ही मालिका १२ जानेवारी १९६६ ला अमेरिकेत एबीसी चॅनलवर सुरू झाली आणि मार्च १९६८ मध्ये संपली, एकूण १२० एपिसोड. ॲडम वेस्ट बॅटमॅन, बर्ट वॉर्ड रॉबिन. मारामारी सुरू झाली की पडद्यावर रंगीत अक्षरांत धाडधूड उमटतं, गुंडांच्या अड्ड्यावर कॅमेरा मुद्दाम तिरका, कारण माणसंच वाकडी, आणि ॲडम वेस्ट हे सगळं चेहऱ्यावरची माशी न हलवता करतो. आम्ही शक्तिमानवर वाढलेली पोरं, आम्हाला यात नवीन काही नाही. भाचा म्हणाला, "मामा, लईच येड्यासारखं हाय, पण भारी हाय."

भिंतीची गोष्ट मात्र साधी आहे. ती भिंत जमिनीवर आडवी घातलेली, कॅमेरा ९० अंशात फिरवलेला, आणि दोघं सपाट जमिनीवर दोर ओढत वाकून चालतायत. केप, म्हणजे पाठीवरचा लांब झगा, खाली लोंबतोय असं वाटावं म्हणून तो दोऱ्याने बाजूला ओढून धरलेला. मधेच खिडकी उघडून कुणी ना कुणी प्रसिद्ध माणूस डोकं बाहेर काढतो आणि दोघांशी गप्पा मारतो, पहिला होता जेरी लुईस. म्हणजे बिचारा जमिनीतल्या भोकातून वर आलेला.

आपण फसतो कारण कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात, ते 'खाली' कुठं ते सांगतात, पण ते सोफ्यावर बसलेल्या आपल्यापुरतं. पडद्यातलं 'खाली' मेंदू आजूबाजूच्या खुणांवरून ठरवतो, आणि लोंबता केप ही लई मोठी खूण. लडाखच्या मॅग्नेटिक हिलवर न्यूट्रलमधली गाडी आपोआप चढ चढते म्हणून जे व्हिडिओ फिरतात त्यातही हेच आहे, खरं क्षितिज डोंगराआड दडलेलं असतं म्हणून उतार चढासारखा दिसतो. चुंबक नाही, दैवी शक्ती तर नाहीच नाही, तरी दरवर्षी कुणीतरी नव्याने फॉरवर्ड करतंच.

पण भाचा सोडेना. "कॅमेरा फिरवला ते कळलं, पण खरोखर दोर धरून असं चालता येईल का नाही?" हा प्रश्न मला इतका आवडला की रात्री साडेदहाला मी भिंतीत खिळा ठोकायला घेतला आणि ताईचं बोलणं खाल्लं.

प्रयोग असा. ३० सेंमीची लाकडी पट्टी घ्या, तिचं एक टोक भिंतीला टेकवून पट्टी आडवी धरा, म्हणजे ती झाली भिंतीवर उभा असलेला बॅटमॅन, भिंतीकडचं टोक पाय. बाहेरच्या टोकाला दोरा बांधा आणि तो पायांच्या बरोबर वर भिंतीतल्या खिळ्याला बांधा. कोल्हापुरात महाद्वार रोडवर दुकानांच्या आडव्या पाट्या तारेने ताणलेल्या असतात तसं. खिळा १० सेंमी वर असला तर पट्टी राहते. खिळा ९० सेंमी वर नेला की सुळकन घसरते, आमची थेट टीव्हीच्या मागे गेली.

असं का? पट्टीचं वजन तिच्या मध्यावर धरायचं आणि दोरा टोकाला आहे, म्हणजे पायापासून दुप्पट अंतरावर, त्यामुळे वजन तोलायला दोऱ्याला वरच्या दिशेने अर्धंच वजन उचलावं लागतं. उरलेलं अर्धं पायाकडच्या घर्षणावर येतं. आणि घर्षण मिळतं ते पाय भिंतीवर जितके रेटले जातात त्या प्रमाणात. हा रेटा कुठनं येतो, तर तिरक्या दोऱ्याच्या भिंतीकडच्या ओढीतनं. दोरा लांब झाला की तो जवळजवळ उभा होतो, ओढ कमी, रेटा कमी, पाय गेला. हिशोब केला तर लागणारा घर्षण गुणांक (घर्षण भागिले रेटा) म्हणजे खिळ्याची उंची भागिले पट्टीची लांबी, इतकं सोपं! १० भागिले ३० म्हणजे ०.३३, चालतंय. ९० भागिले ३० म्हणजे ३, आणि लाकूड-भिंतीत ३ कधीच मिळत नाही.

आता बॅटमॅन. धरा ७५ किलोचा, वजनाचा मध्य पायापासून १ मीटरवर, म्हणजे बेंबीच्या आसपास, आणि हात छातीशी १.३ मीटरवर. दोर वर २० मीटर गेलाय. हातांवर येतात साधारण ५८ किलो, पायाच्या घर्षणाने उचलायचे राहिले १७. आणि पाय भिंतीवर रेटले जातात फक्त पावणेचार किलोने. गुणांक हवा ४.६. चांगल्या रबरी सोलला कोरड्या भिंतीवर ०.७ धरला तरी खूप झालं. (इथं भाचा मोबाईल बघायला लागला, पण मी थांबलो नाही.) उलट दोराचं टोक फक्त २ मीटर वर असलं तर ०.४६ पुरतो, ३ मीटरला साधारण ०.७. म्हणजे तो सीन अगदीच खोटा नाही, गच्चीखालचे शेवटचे तीन मीटर बॅटमॅन खरंच असा चालू शकेल, फक्त तिथवर त्याला कुणीतरी उचलून नेलं पाहिजे.

सह्याद्रीत रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून कडा उतरायला, जाणारी पोरं दोर छातीशी हातात धरत नाहीत, कमरेच्या हार्नेसला बांधतात, म्हणजे बरोबर वजनाच्या मध्याजवळ. मग सगळं वजन दोर घेतो, घर्षणावर काहीच उरत नाही, पाय नुसते टेकवायचे. पट्टीचा दोरा टोकावरनं सोडून मध्यावर बांधा, तोच ९० सेंमीवरचा खिळा, पट्टी टिकते. आम्ही पावणेबाराला ती टिकवली, बाजूला कलू नये म्हणून पट्टीची रुंद बाजू आडवी ठेवायची एवढंच.

दुसऱ्या दिवशी पुढचा एपिसोड लावला तर भाचा केपकडं बघेचना. पॉज करून रॉबिनचे हात कुठं आणि बेंबी कुठं ते स्क्रीनवर बोटाने मोजत बसला. खिळा अजून भिंतीत आहे, ताईने त्याला कॅलेंडर अडकवलंय.